आपल्या रस्त्यावर फुटपाथ, क्रॉसिंग, बसथांबा हवाय? काय मागायचं आणि पैसे कुठून आणायचे

आमच्या शाळेसमोरच्या रस्त्यासाठी आम्ही पहिलं निवेदन दिलं तेव्हा त्यात लिहिलं होतं "सदर रस्त्यावर योग्य ती उपाययोजना करण्यात यावी ही विनंती" आणि खाली साठ-पासष्ट पालकांच्या सह्या. आठ महिने काही हललं नाही. मग एका सकाळी मुलांना सोडायला गेलो तर गेटपासून पुढे चांगलं पाऊणशे फुटांवर डांबराचा उंच ढिगारा टाकलेला, म्हणजे स्पीडब्रेकर, ना पट्टे ना बोर्ड, आणि मुलं जिथून रस्ता ओलांडतात तिथे काहीच नाही. पहिल्याच आठवड्यात दोन दुचाकीवाले त्यावरून पडले, त्यातली एक आमच्याच वर्गातल्या मुलाची आई होती, मनगट मोडलं तिचं.

त्या दिवशी डोक्यात बसलं की मोघम मागितलं तर मोघमच मिळणार. त्यानंतर जे क्रॉसिंग आम्ही खरोखर करून घेतलं त्याला दोन वर्षं लागली, पण आज तिथून पहिलीतली मुलं चालत जातात. ते कसं केलं आणि तुमच्या गावात किंवा वॉर्डात कसं करता येईल ते सगळं इथे लिहितेय, जरा लांबेल पण पूर्ण वाचा.

सगळ्यात आधी रस्ता कोणाचा आहे ते शोधा. हे वाटतं तेवढं सोपं नाही आणि निम्मी निवेदनं इथेच अडकतात, कारण चुकीच्या ऑफिसला गेलेला कागद बरोबर ऑफिसला आपोआप पोचेलच असं धरून चालू नका. गावाकडे बघा, गावठाणातले अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीचे, ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे (पीडब्ल्यूडी), आणि गावातून राष्ट्रीय महामार्ग जात असेल तर त्याची यंत्रणाच वेगळी. प्रत्येक रस्त्याला नंबर असतो, ग्रा.मा. अमुक, प्र.जि.मा. तमुक, तो नंबर बांधकाम उपविभागात विचारला की सांगतात, तो निवेदनाच्या विषयातच टाका. शहरात बहुतेक रस्ते महापालिकेचे किंवा नगरपालिकेचे, पण लेआउटमधले कितीतरी रस्ते बिल्डरने पालिकेकडे हस्तांतरितच केलेले नसतात आणि मग "खासगी रस्त्यावर खर्च करता येत नाही" असं उत्तर येतं, जे नियमाने बरोबरही असतं. तसं असेल तर आधी हस्तांतरणाच्या मागे लागावं लागतं, दुसरा शॉर्टकट नाही. शेताकडे जाणारा पाणंद रस्ता किंवा वहिवाट कोणी अडवली असेल तर तो निधीचा विषयच नाही, त्यासाठी तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली अर्ज करायचा, आणि बांधावरून नवीन रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. रस्ता मोकळा झाल्यावर मग खडीकरणाचे पैसे मागा.

आता मोजणी. ही पायरी लोक सोडतात आणि माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे. आम्ही तिघी-चौघी सकाळी साडेसात ते साडेआठ शाळेसमोर उभ्या राहिलो, मंगळवार, बुधवार आणि गुरुवार असे तीन दिवस, कारण सोमवार-शनिवारची गर्दी वेगळी असते. एकीच्या वहीत ओलांडणारी माणसं, दुसरीच्या वहीत गाड्या, पाच-पाचच्या रेघा मारत, आणि तिसरी फक्त किती जणांना मध्येच थांबावं लागतं ते बघत होती. तिसरीचं काम सगळ्यात जड होतं. एक आजी नातवाचं दप्तर खांद्याला लावून कडेला उभ्या, एक पाऊल टाकायच्या, रिक्षा आली की मागे घ्यायच्या, परत टाकायच्या, घड्याळ लावून बघितलं तर अडीच मिनिटं त्या तिथेच होत्या.

आकड्यांचं काय करायचं ते सांगते. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांची मार्गदर्शक पुस्तिका आहे, आयआरसी १०३, तिच्या २०१२ च्या सुधारित आवृत्तीत एक सोपं सूत्र आहे. गर्दीच्या तासाला ओलांडणारी माणसं म्हणजे पी, त्याच तासातल्या गाड्या म्हणजे व्ही, आणि पी गुणिले व्ही गुणिले व्ही हा गुणाकार दुभाजक नसलेल्या रस्त्यावर १० कोटींच्या वर गेला, दुभाजक असेल तर २० कोटींच्या वर गेला, की तिथे नीट नियंत्रित क्रॉसिंगची गरज आहे असं धरतात. आमचे आकडे होते २३० माणसं आणि ७०० गाड्या. ७०० चा वर्ग ४ लाख ९० हजार, गुणिले २३०, म्हणजे ११ कोटी २७ लाख. हा गुणाकार आम्ही दुसऱ्या निवेदनात जसाच्या तसा लिहिला आणि कनिष्ठ अभियंत्याने (सगळे जेई म्हणतात) पहिल्यांदा मान वर करून विचारलं "हे कोणी मोजलं?" त्यानंतर बोलणं बदललं, कारण आता तो विषय "लोकांची तक्रार" राहिला नाही, त्याला फाइलवर लिहायला कारण मिळालं. हा गुणाकार १० कोटींच्या खाली आला तरी सोडू नका, शाळा, दवाखाना, अपघाताची नोंद ही स्वतंत्र कारणं असतात, फक्त लिहून द्या. अपघातांची माहिती पोलीस स्टेशनला माहितीच्या अधिकारात मागता येते, नावं नकोत, तारीख-वेळ-ठिकाण एवढीच मागा.

आणि फुटपाथ टेपने मोजा. नुसती रुंदी नाही, चालायला मोकळी जागा किती उरते ते. आयआरसीप्रमाणे अडथळा नसलेली किमान १.८ मीटर रुंदी (म्हणजे साधारण सहा फूट) आणि डोक्यावर २.२ मीटर उंची मोकळी हवी, आणि फुटपाथची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे सहा इंचांपेक्षा जास्त नको. आमच्या इथे कागदावर दोन मीटरचा फुटपाथ होता, पण वीज मंडळाचा डीपी बॉक्स, एक झाड आणि एका दुकानाची पायरी एवढं वजा केल्यावर एका ठिकाणी ६५ सेंटिमीटर उरत होते, तिथे टेप आडवी धरून फोटो काढला, आकडा दिसेल असा. उंची तर दहा इंच होती काही ठिकाणी. इतक्या उंच फुटपाथवर कुठली आजी चढणार, त्या रस्त्यावरूनच चालतात आणि मग सगळे म्हणतात लोक फुटपाथ वापरत नाहीत.

डिझाइन म्हटलं की लोकांना वाटतं ते आर्किटेक्टचं काम. ड्रॉइंग त्यांनीच करावं, पण काय हवं ते आपल्याला सांगता आलं पाहिजे, कारण तिथे रोज आपण चालतो. काही गोष्टी अनुभवातून सांगते.

स्पीडब्रेकर मागू नका, टेबल-टॉप मागा. म्हणजे झेब्रा क्रॉसिंगच उचलून फुटपाथच्या पातळीला आणायचं, वर सपाट आणि दोन्ही बाजूंना उतार, गाडी आपोआप हळू होते आणि चालणाऱ्याला खाली उतरून परत चढावं लागत नाही. साधा गोल ब्रेकरच करणार असतील तर त्याचंही माप ठरलेलं आहे, आयआरसी ९९ मध्ये, साधारण ताशी २५ किलोमीटरच्या वेगासाठी ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच, म्हणजे लांबलचक आणि पसरट. आपल्याकडे जे दोन फुटांत सहा इंच उंचीचे टाकतात ते या मापात कुठेच बसत नाहीत, त्याने पाठीचे मणके जातात आणि वेग फक्त तेवढ्या जागेपुरता कमी होतो. ब्रेकर असो की टेबल-टॉप, आधी बोर्ड, वर पट्टे आणि रात्रीचा दिवा हे तिन्ही इस्टिमेटमध्ये वेगवेगळे लिहिलेले आहेत का बघा, नाहीतर डांबर पडतं आणि पट्टे "पुढच्या टप्प्यात" जातात. पट्टे थर्मोप्लास्टिक पेंटचे हवेत असं लिहून घ्या, साधा रंग एका पावसाळ्यात जातो.

पाण्याचा विचार आधी करा. टेबल-टॉप म्हणजे रस्त्यात घातलेला छोटा बांधच, पावसाचं पाणी कुठे जाणार हे बघितलं नाही तर जुलैमध्ये क्रॉसिंगच्या अलीकडे तळं होतं आणि मग तेच लोक म्हणतात काढून टाका. कडेने पाइप किंवा जाळीची गटार हवी. आम्ही यासाठी मुद्दाम एका पावसाळी संध्याकाळी छत्री घेऊन व्हिडिओ काढला, पाणी कुठून कुठे वाहतंय तो, आणि जेईला पाठवला.

ओलांडायचं अंतर कमी करा. हिशोब सोपा आहे, सिग्नलच्या गणितात चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात, म्हणजे १२ मीटरचा रस्ता दहा सेकंदांत. पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला ०.८ चाच वेग जमतो, त्याला पंधरा लागतात. कोपऱ्यावर फुटपाथ थोडा पुढे काढला तर दोन्हीकडून मिळून तीन-चार मीटर वाचतात, शिवाय कोपऱ्यावर गाड्या लावता येत नाहीत आणि वळणारी गाडी हळू होते. रुंद रस्ता असेल तर मध्ये थांबायला बेट मागा. शहरातल्या कमी वेगाच्या रस्त्यावर गाडीच्या एका लेनला तीन मीटर पुरतात, आपल्याकडे लेन आखलेलीच नसते म्हणून सगळी जागा गाड्यांची वाटते, ती आखली की फुटपाथला जागा सापडते. पुण्याने २०१६ मध्ये रस्त्यांच्या डिझाइनची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि जंगली महाराज रस्त्यावर ती करूनही दाखवली, रुंद सलग फुटपाथ, बसायच्या जागा, पार्किंगचे खाचे आखलेले. कोणी म्हणालं की आपल्याकडे असं होत नाही तर त्यांना एकदा तिथे चालवून आणा, फोटोपेक्षा ते जास्त काम करतं.

रॅम्पचा उतार एकास बारा, म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला १.८ मीटर लांबी लागते. तेवढी जागा आहे का ते आधी बघा, नाहीतर घसरगुंडी होते. आणि रॅम्प जिथे संपतो तिथे चेंबरचं झाकण, खांब, कचऱ्याचा डबा काही नको. बोलार्ड (गाड्या चढू नयेत म्हणून लावतात ते बुटके खांब) लावणार असाल तर व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवाच, त्यातून एखादी स्कूटर चढेल हे मान्य, पण म्हणून व्हीलचेअर अडवायची नाही, या एका गोष्टीवर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे.

बसथांब्याचं वेगळं. शेड फुटपाथच्या मधोमध टाकून चालायची वाट बंद करतात हे सगळीकडे दिसतं. शेडच्या मागून किंवा पुढून १.८ मीटर मोकळे सोडायला सांगा, आणि थांबा क्रॉसिंगच्या इतक्या जवळ नको की उभ्या बसमागून मूल धावत रस्त्यावर येईल. गावात एसटीचा थांबा हवा असेल तर ग्रामसभेचा ठराव घेऊन आगार व्यवस्थापकांना भेटा, त्यांचे पहिले प्रश्न असतात बस वळणार कुठे आणि प्रवासी किती, म्हणून कॉलेजला, शाळेला जाणाऱ्या मुलामुलींची यादी आणि वळायच्या जागेचा फोटो सोबत न्या. तुमचा तालुका मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांत असेल तर शाळकरी मुलींसाठीच्या बसेस त्यातून चालतात, तेही विचारा.

फेरीवाल्यांना हलवा असं निवेदनात लिहू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आमच्या गेटसमोर एक काकू वीस वर्षं पेरू-बोरं विकतात, मुलांना हात धरून ओलांडून देणाऱ्या त्याच. त्यांची जागा ड्रॉइंगमध्ये दाखवली, चालायची वाट सोडून, झाडाच्या रांगेत. २०१४ चा पथविक्रेता कायदाही त्यांच्या बाजूने आहे.

ड्रॉइंग पक्कं व्हायच्या आधी एक दिवस फक्की मारून बघा. आम्ही वाहतूक शाखेची परवानगी घेऊन रविवारी सकाळी शंकू, दोरी आणि मैदानावर मारतात ती फक्की घेऊन कोपऱ्यावरचा नवीन फुटपाथ जमिनीवर आखला. आणि मग घंटागाडी आली, ती वळताना तिचं मागचं चाक सरळ आमच्या आखलेल्या फुटपाथवरून गेलं. कोपरा दोन फूट मागे घेतला, परत आखलं, स्कूलबस वळवून बघितली, बसली. हे काँक्रीट झाल्यावर कळलं असतं तर तोडायची वेळ आली असती. शिवाय समोरच्या दुकानदारांना तोपर्यंत वाटत होतं की त्यांचं पार्किंग जाणार, प्रत्यक्ष जमिनीवर बघितल्यावर त्यांच्याच लक्षात आलं की दोनच गाड्यांची जागा जातेय आणि गिऱ्हाइकाला चालायला नीट वाट मिळतेय, त्यातले दोघं तर नंतर सह्या करायला आले. वाहतूक शाखेची ना-हरकत तशीही लागतेच, ब्रेकर, सिग्नल, नो-पार्किंग, एकेरी वाहतूक यातलं काहीही असलं तरी, म्हणून त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

आता पैसे. लोक इथून सुरुवात करतात म्हणून मी मुद्दाम नंतर घेतलं, कारण माप आणि ड्रॉइंग हातात असलं की पैशाचं दार शोधणं सोपं जातं.

पुण्यात राहत असाल तर नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे, २००६ पासून. साधारण पावसाळ्याच्या दिवसांत अर्ज मागवतात, क्षेत्रीय कार्यालयात, पाच लाखांपर्यंतचं काम सुचवता येतं, फुटपाथ, बसथांबा, दिवे, सायकल ट्रॅक असली कामं चालतात. एक क्रॉसिंग पाच लाखांत बसवणं जमतं, अख्खा रस्ता नाही, म्हणून काम तुकड्यात मागा. इतर शहरांत अशी सोय नसेल तर वॉर्ड ऑफिसच्या बजेटमध्ये काम घालून घ्यायचं, आणि त्याची वेळ ऑक्टोबर ते डिसेंबर, कारण आयुक्त बजेट मांडतात जानेवारी-फेब्रुवारीत आणि खालून याद्या त्याआधीच वर जातात. मार्चमध्ये निवेदन घेऊन गेलात तर सरळ एक वर्ष गेलं. आमचं पहिलं निवेदन एप्रिलमधलं होतं.

आमदारांना स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी असतो आणि खासदारांनाही ५ कोटी. दोन्हींत काम सुचवायचं पत्र लोकप्रतिनिधीचं, पण मंजुरी आणि पैसे जिल्हाधिकारी कार्यालयातून, म्हणजे पत्र मिळालं म्हणून पेढे वाटू नका, जिल्हा नियोजन शाखेत त्याचा नंबर पडला का ते बघा. या निधीतून बसथांब्याची शेड, फुटपाथ, रस्ता होतो, देखभाल मात्र होत नाही, ती कोण करणार याचं संबंधित संस्थेचं पत्र लागतं.

गावात पहिली जागा ग्रामपंचायतीचा विकास आराखडा, "आमचं गाव आमचा विकास". आराखड्यात नाव नसलेल्या कामाला नंतर पैसे मिळवणं फार अवघड जातं, म्हणून ज्या ग्रामसभेत आराखडा ठरतो तिथे हजर राहून काम लिहून घ्या आणि ठरावाची प्रत मागा. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २६ च्या पैशात ६० टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेले होते आणि ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाला लागेल त्या कामाला, गल्लीतला रस्ता आणि दिवे त्या ४० मधून झाले. आता पुढच्या आयोगाची वाटणी काय आहे ते ग्रामसेवकांना (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) विचारून घ्या. जिल्हा परिषदेच्या रस्त्याला जिल्हा नियोजन समितीतून "तीस चोपन्न" किंवा "पन्नास चोपन्न" मधून पैसे येतात, हे लेखाशीर्षाचे, म्हणजे सरकारी हिशोबातल्या खर्चाच्या खात्यांचे, आकडे आहेत, ३०५४ दुरुस्ती-देखभालीचं आणि ५०५४ भांडवली कामाचं. गावातल्या मूलभूत सुविधांना ग्रामविकास खात्याचं "पंचवीस पंधरा". हे तीन आकडे तोंडात असले की बांधकाम उपविभागात तुमच्याशी वेगळ्या पद्धतीने बोलतात. वस्तीला मुख्य रस्त्याशी जोडणारा रस्ताच नसेल तर प्रधानमंत्री ग्रामसडक (२००० पासून) किंवा मुख्यमंत्री ग्रामसडक योजना, पण त्यांचे निकष लोकसंख्येवर आणि ठरलेल्या जाळ्यातल्या रस्त्यांवर चालतात, तिथे एकट्या निवेदनाने होत नाही, आमदारांमार्फतच जा. एकाच कामासाठी दोन निधी मागितले तर दोन्हीकडे सांगा, नाहीतर दुबार काम म्हणून दोन्ही अडकतात.

निवेदन एका पानाचं ठेवा. विषयात रस्त्याचा नंबर आणि नेमकी जागा, मग मोजणीचे आकडे, मग काय हवं ते मापासकट, कुठल्या निधीतून आणि कुठल्या वर्षाच्या बजेटमध्ये, मागे फोटो आणि हाताने काढलेला नकाशा. दोन प्रती न्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. पुढची प्रत्येक भेट त्या नंबरवर चालते.

मग लागते पाठपुराव्याची खरी चिकाटी. जेईने इस्टिमेट केलं का (दरसूचीप्रमाणे, डीएसआर म्हणतात), तांत्रिक मंजुरी कोणाच्या टेबलावर आहे, प्रशासकीय मान्यता, निविदा, वर्क ऑर्डर. दर पंधरा दिवसांनी एक जण जाऊन फक्त एवढंच विचारून यायचं, भांडायचं नाही. आमच्याकडे हे काम एका निवृत्त गणिताच्या सरांनी केलं, वहीत तारखा लिहून. कुठे महिनाभर अडकलं तर माहिती अधिकार, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत (महाराष्ट्रात तसा नियम आहे), ३० दिवसांत उत्तर. "काम का झालं नाही" असं विचारू नका, "आवक नंबर अमुक वर आजपर्यंत केलेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत" असं मागा.

काम सुरू झालं की वर्क ऑर्डर आणि ड्रॉइंगची प्रत हातात ठेवून रोज कोणीतरी अर्धा तास उभं राहा. आमच्या इथे मुकादमाने रॅम्प फुटपाथच्या टोकाला न करता मध्येच सुरू केला होता, कारण टोकाला डीपी बॉक्स होता आणि त्याला तो हलवायचा की नाही ते कोणी सांगितलेलं नव्हतं. सरांनी ड्रॉइंग दाखवलं, जेईला फोन लावला, दुपारपर्यंत बदललं. दुसऱ्या दिवशी तिथे काँक्रीट पडलं असतं.

शेवटचं बिल निघण्याआधी टेप घेऊन परत मोजा आणि कमी-जास्त असेल ते लेखी कळवा. वर्क ऑर्डरमध्ये दोष दुरुस्तीचा कालावधी (डीएलपी) लिहिलेला असतो, तोवर खड्डा, उखडलेला पेव्हर ब्लॉक, खचलेलं झाकण ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचं असतं. ती संपायची तारीख शाळेच्या ऑफिसात, पालक ग्रुपवर, सगळीकडे लावून ठेवा आणि तिच्या दोन महिने आधी पूर्ण पाहणी करून यादी द्या. आमची येत्या ऑक्टोबरला संपतेय, ऑगस्टमध्ये टेप, वही आणि मागचे फोटो घेऊन जाणार आहोत, पट्टे पुसट झालेत ते आणि दक्षिणेकडचं एक झाकण बोटभर खाली गेलंय ते आत्ताच यादीत लिहून ठेवलंय.